रान तुमचे, पण जनावर कोणाचे?

बांधावरच्या गोष्टी



या वेळी हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल लिहायचे ठरवले होते. तशी तयारीही झाली होती. पण मध्येच झरीहून एका भगिनीचे पत्र आले आणि घाटेअळी मागे राहिली. झरी म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्यावरची. मुलाच्या वहीच्या पानावर लिहिलेले ते पत्र थोडक्यात असे होते :

"साहेब, आमची सहा एकर तूर आणि दोन एकर हरभरा आहे. तूर शेंगेत आली आणि रानडुकरांचा कळप सुरू झाला. हरभऱ्यात हरणे बसतात. मालक आणि मोठा मुलगा आळीपाळीने जागलीला जातात. गेल्या आठवड्यात शहरातून चार जण जीपगाडी घेऊन आखाड्यावर आले. मालकांना म्हणाले, तुमच्या रानात रात्री डुकराची शिकार करू द्या. तुमचा त्रास जाईल, आमची हौस भागेल. मालक 'या' म्हणाले. येत्या अमावास्येला ते येणार आहेत. माझे लेकरू सोळा वर्षांचे आहे, तेही आखाड्यावर असते. मला झोप येत नाही. आपल्या रानात शिकारीला हो म्हणायचा आपल्याला अधिकार आहे का, एवढेच सांगा."

पत्र वाचून मी घड्याळ नव्हे, कालनिर्णय पाहिला. अमावास्येला नऊ दिवस होते.

धुऱ्यावरून विचारणारा माणूस

पत्रातला प्रश्न वाचला आणि मला माझे बापू आठवले. माझे लहानपण जिंतूर तालुक्यातल्या एका लहान गावात गेले. १९७८-७९ च्या सुमाराची गोष्ट. दिवाळी सरली, ज्वारी गुडघ्याला लागली की एक फासेपारधी आमच्या धुऱ्यावर येऊन उभा राहायचा. आत पाऊल टाकायचा नाही. तिथूनच हाक द्यायचा, "मालक, रानात फास मांडू का?"

बापू आखाड्यातून बाहेर यायचे, तंबाखू मळत त्याच्याजवळ जायचे. म्हणायचे, "मांड. पण विहिरीकडच्या अंगाला नको, तिकडून बैल पाण्याला जातात. आन् पिलावाली सापडली तर सोडून दे." तो मान हलवायचा. तितर, लावे यांच्यासाठी तो फास मांडायचा आणि दिवस मावळताना एकेक फास मोजून उचलायचा. एक जरी कमी भरला तरी अंधारात चाचपडत बसायचा, कारण मागे राहिलेला फास दुसऱ्या दिवशी बैलाच्या नाहीतर लेकराच्या पायात जातो. जाताना ओढ्याच्या कोणत्या अंगाने डुकरांची वाट पडली आहे तेही सांगून जायचा.

आता खरे ते सांगतो. तेव्हाही ते कायद्यात बसत नव्हते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीच आला होता, पण आमच्या गावापर्यंत तो पोचला नव्हता. म्हणून आज कोणी पुन्हा फास मांडावेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे त्या विचारण्याबद्दल आहे. ज्याच्या पोटाला शिकारीशिवाय दुसरा आधार नव्हता तो माणूस धुऱ्याबाहेर उभा राहून विचारत होता. आणि बापू 'मांड' म्हणताना बैलांचा, लेकरांचा आणि पाखरांच्या पिलांचाही विचार करून 'मांड' म्हणत होते. आज गाडीतून येणारे विचारतात तेही अर्धेच, आणि आपण उत्तर देतो तेही विचार न करता.

एक चूक, माझ्या हातची

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगितलेली बरी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका तालुक्यात होतो. एक वयस्कर शेतकरी, मी त्यांना काका म्हणत असे, पंचायत समितीच्या पायरीवर भेटले. म्हणाले, "साहेब, बंदूकवाले लोक रानात येऊ का म्हणून विचारतात. काय सांगू?" मी घाईत होतो. हसून म्हणालो, "काका, रान तुमचे. तुम्ही ठरवा."

काकांनी हो म्हटले. पण ती जमीन त्यांनी त्या वर्षी बटईने दिली होती आणि बटईदाराला हे सांगायचे राहून गेले. रात्री बटईदाराचा चौदा वर्षांचा मुलगा माळ्यावरून उतरून ज्वारीच्या कडेने शेकोटीकडे निघाला. ताटे हलली. पलीकडून बार निघाला. छर्रे मुलाच्या पोटरीत गेले. बंदूकवाले त्याच पावली गाडीत बसून गेले.

पुढचे याहून वाईट. गावाबाहेर पारध्यांची चार पाले होती. सकाळी गावात एकच बोलणे, "त्यांचेच काम." दोन पारधी चौकशीसाठी नेले गेले. त्यांच्याकडे बंदूक नव्हती, कधी नसायची, पण ऐकतो कोण? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारधीही त्या यादीत आले. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का पुसला, लोकांच्या मनातून पुसला नाही.

काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर आले आणि रडले. "मी हो म्हणलो होतो साहेब. त्या गरिबांचं काही नाही." मग आम्ही दोघे मिळून गेलो आणि जे घडले ते सांगितले. पारधी सुटले. मुलगा वाचला, पण आजही लंगडतो. त्यानंतर मी कोणाही शेतकऱ्याला "रान तुमचे, तुम्ही ठरवा" असे म्हटलेले नाही.

मालकाच्या 'हो'ला किती किंमत?

झरीच्या भगिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता कायद्याच्या अंगाने पाहू.

१९७२ चा कायदा झाला तेव्हा शिकार पूर्ण बंद नव्हती. काही जनावरांच्या शिकारीला सरकारी परवाना मिळत असे. त्या मूळ कायद्यातही एक कलम होते : सरकारी नसलेल्या जमिनीवर मालकाच्या, त्याच्या मुखत्याराच्या किंवा जमीन कायदेशीरपणे वहिवाटणाऱ्याच्या संमतीवाचून शिकार करू नये. म्हणजे त्या काळी दोन गोष्टी लागत, सरकारचा परवाना आणि तुमची संमती. नुसत्या संमतीने तेव्हाही भागत नव्हते.

१९९१ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. हौसेच्या शिकारीचे परवाने बंद झाले आणि त्यांच्याबरोबर ते कलमही गेले. आज हौसेची शिकार कोणालाच करता येत नाही. त्यामुळे तिला परवानगी देण्याचा अधिकार शेतमालकाला नाही, सरपंचाला नाही आणि पोलीस पाटलालाही नाही.

जमीन तुमची, पीक तुमचे, विहीर तुमची. पण धुरा ओलांडून आलेले रानडुक्कर तुमचे नाही आणि शेजाऱ्याचेही नाही. कायद्याच्या परवानगीने मारलेले जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता ठरते. म्हणून "वाटा देऊ" हे त्या जीपवाल्यांचे बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या कणगीतले दाणे वाटण्यासारखे आहे.

शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे असेही समजू नका. पकडणे, फास किंवा जाळे लावणे, विष घालणे, हाकून सापळ्यात नेणे, आमिष ठेवणे आणि यातले काही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे कायद्याने शिकारच आहे. पाखरांची अंडी, घरटी मोडणेही त्यातच येते. आणि जो गुन्ह्याला साहाय्य करतो, चिथावणी देतो, त्यालाही मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा सांगितली आहे. 'या' म्हणणारा मालक त्यात सापडू शकतो.

आपल्या भागातल्या तीन जनावरांपुरते नीट ध्यानात ठेवा.

*हरीण म्हणजे काळवीट.* हे पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा ते बरे न होण्याइतके जखमी अथवा रोगी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्याबाबत आदेश देऊ शकतात. पीक खाल्ले हे कारण त्यात बसत नाही. ते मारल्यास कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड आहे.

*रानडुक्कर आणि रोही.* ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर यांच्याबाबत परवानगी मिळू शकते, पण ती वन खात्याने लेखी दिली पाहिजे. २०१५ साली राज्य शासनाने ही पद्धत सोपी केली आणि शेतकऱ्याने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असे ठरले. अशा परवानगीशिवाय मारल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी आणि हत्यार सरकारजमा होते ते वेगळेच.

आता रात्री, बॅटरीच्या झोतात, तुरीच्या ओळीतून दोन डोळे चमकतात. ते डुकराचे की काळविटाचे, की तुमच्याच गोऱ्ह्याचे, हे हौशी माणसाला कळेल याची हमी कोण देणार?

आणखी एक गैरसमज. काही शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना असतो. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. दोन्ही कागद वेगळे आहेत.

झरीच्या आखाड्यावर

पत्र आल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी झरीला गेलो. आखाड्यावर घरधनी, त्यांची आई आणि पत्र लिहिणारी बाई, तिघेही होते. मुलगा तुरीत वाळलेली ताटे उचलत होता. बाईंनी मला पाहताच डोक्यावरचा पदर सावरला आणि नवऱ्याला सरळ सांगून टाकले, "मीच लिहिलं होतं साहेबास्नी." घरधनी क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "बरं केलं. चहा टाक."

चहा होईपर्यंत त्यांनी मला तूर दाखवली. ओढ्याच्या बाजूच्या आठ-दहा ओळी पार लोळवलेल्या. शेंगा चघळून टाकलेल्या. हरभऱ्यात तर हरणांनी शेंडे कातरल्यासारखे खाल्ले होते. ते म्हणाले, "साहेब, तुमी कायदा सांगताल. कायदा बरोबरच असंल. पर तूर पेरायची मी, खत घालायचं मी, रातभर डबा वाजवायचा मी, आन् खाणार डुक्कर. डुक्कर सरकारचं हाय ना? मंग सरकारनं आपलं डुक्कर बांधून ठिवावं की."

या बोलण्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. मी वीस-पंचवीस वर्षे शेतकऱ्यांत हिंडतो आहे. नुकसानभरपाईची रक्कम प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने पुष्कळदा कमी असते, ती यायला वेळ लागतो, आणि एका दिवसाची मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे मला दिसते. त्यांचा राग खोटा नाही. मी एवढेच म्हणालो, "दादा, तुमचा राग सरकारवर आहे, आणि बोलावता तुम्ही जीपवाल्यांना. त्यांचा तुमच्या तुरीशी काय संबंध? ते एक रात्र येतील. एखादे डुक्कर पडेल, बाकीचा कळप शेजारच्या उसात जाईल आणि आठ दिवसांनी परत येईल. एका वेताला चार-सहा पिले होतात. पण त्या एका रात्री तुमचा मुलगा कुठे असेल?"

घरधनी काही बोलले नाहीत. आजीबाई मात्र बोलल्या. "आमच्या येळला शिकारी आला तर अदुगर इचारायचा, रानात कोण कोण हाय? ह्या जीपवाल्यानं इचारलं का?"

कोणीच विचारले नव्हते. शेजारच्या दोन आखाड्यांवर माणसे झोपतात, पलीकडे ऊसतोडीच्या टोळीची कोपी पडली आहे, ओढ्याच्या काठाला मेंढपाळाचा वाडा उतरला आहे, यातले काहीही त्या चौघांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी विचारलेही नव्हते. बंदुकीचा छर्रा धुरा ओळखत नाही. मालकाने आपल्या रानात 'हो' म्हटले तरी तो शेजाऱ्याच्या रानात जातो, आणि शेजाऱ्याने काही 'हो' म्हटलेले नसते.

घरधन्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्यासमोरच फोन लावला. "दादा, येऊ नका. रानात लेकरं हायत आन् ह्याला परवानगी लागती वन खात्याची. तुमच्याकडं तसला कागद असंल तर दाखवा." पलीकडून काही बाही बोलणे झाले. शेवटी ते म्हणाले, "नाराज व्हा, पर येऊ नका." आणि फोन ठेवला.

मग करायचे काय?

नुसते 'नको' सांगून तूर वाचत नाही. म्हणून झरीला आम्ही जे बसून ठरवले तेच सर्वांसाठी लिहितो.

१. *नुकसान दिसले की अर्ज.* रानडुक्कर, हरीण, रोही यांनी पीक खाल्ले तर नुकसानभरपाईची योजना आहे. नुकसान दिसल्यापासून ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे, वनपालाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सोबत सातबारा आणि नुकसानीचे फोटो जोडा. पंचनामा होईपर्यंत लोळलेले पीक उचलू नका, पायाचे ठसे बुजवू नका. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. उशीर झाला म्हणून अर्ज बाद होण्याची उदाहरणे मी फार पाहिली आहेत.

२. *रानडुकराचा किंवा रोह्याचा उपद्रव फारच असेल तर परवानगीचा अर्ज.* तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी करा. शासनाचे आदेश वेळोवेळी बदलतात, म्हणून सध्याच्या अटी तिथेच विचारून घ्या. बंदूक कोणाची, परवाना कोणाचा, कोणत्या गटात, किती दिवस, हे सारे कागदावर असले पाहिजे. जनावर पडले तर वन खात्याला ताबडतोब कळवून त्यांच्या ताब्यात द्यायचे. मांस घरी आणायचे नाही.

३. *आळीपाळीची जागल.* एकटा माणूस महिनाभर जागू शकत नाही. एका शिवारातले पाच-सहा आखाडे मिळून रात्र वाटून घ्या. आवाज, उजेड, फटाका, जुन्या साड्यांचे कुंपण, या उपायांना जनावर थोड्या दिवसांत सरावते. म्हणून एकच उपाय धरून बसू नका, आठवड्याला बदला.

४. *करडईचा काटा.* आपल्या भागात हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या कडेने करडईच्या तीन-चार दाट ओळी पेरायची जुनी रीत आहे. करडई काटेरी झाली की जनावर आत शिरायला कचरते, आणि कडेचे तेलही घरात येते. सोयाबीनच्या मागे लागून ही रीत आपण मोडली. पुढच्या रब्बीत पुन्हा धरा.

५. *ओढ्याची साफसफाई.* डुकरे दिवसा कुठे बसतात ते पाहा. बहुतेक ठिकाणी ती ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीच्या जाळीत सापडतील. शेताला खेटून असलेली जाळी गावाने मिळून काढली तर डुकरांचा मुक्काम लांब जातो. सरकारी जागेवरची असेल तर आधी विचारून घ्या. आग मात्र लावू नका.

६. *झटका मशीन चालेल, लाइनची तार चालणार नाही.* सौर बॅटरीवरचे झटका मशीन थांबून थांबून क्षणभराचा झटका देते. त्याने जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. खांबावरच्या विजेची तार धुऱ्याला जोडणे ही निराळी गोष्ट आहे. ती डुक्कर, बैल, पाणी द्यायला निघालेला शेजारी आणि पहाटे मोटार चालू करायला गेलेला आपला भाऊ यांत फरक करत नाही. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो. अशा तारेने महाराष्ट्रात किती घरे उठली ते आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. मशीन लावले तरी पाटी लावा आणि शेजाऱ्याला सांगा. जंगलाला लागून असलेल्या गावांत सौर कुंपणाला शासनाचे अनुदान मिळते, त्याची चौकशी करा.

७. *विष आणि गावठी बॉम्ब यांचे नावही नको.* कणकेच्या गोळ्यातला बॉम्ब डुकरासाठी ठेवतात आणि तो चावते दावणीची गाय. जबडा फाटलेली गाय एकदा पाहिली की माणूस पुन्हा तो विचार करत नाही.

दारात कोणी आलेच तर

कोणी शिकारीची परवानगी मागायला आले तर भांडू नका. चार प्रश्न विचारा. कोणते जनावर मारणार? वन खात्याचा लेखी आदेश कुठे आहे? बंदुकीचा परवाना कोणाच्या नावाचा? माझ्या चारी धुऱ्यांवरच्या शेजाऱ्यांना सांगितले का? चौथ्या प्रश्नापर्यंत कोणी टिकत नाही. न विचारता शिरले तर गाडीचा नंबर टिपून ठेवा, स्वतः अंगावर जाऊ नका. वन खात्याचा १९२६ हा मदत क्रमांक फोनमध्ये साठवा आणि कळवा. जमीन बटईने दिली असेल तर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी बटईदाराला विचारा. तिथे झोपतो तो.

परदेशात कसे चालते तेही सांगतो, म्हणजे आपल्याला तुलना करता येईल. अमेरिकेत शिकारीला परवाना मिळतो, तरी दुसऱ्याच्या रानात जायचे तर शिकारी आधी शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारतो. तिथल्या टेक्सास, मिसूरी अशा काही राज्यांत शेताच्या कडेच्या झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा ओढला की त्याचा अर्थ कायद्याने एकच, विचारल्याशिवाय आत येऊ नका. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला आहे. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून शिकारीचा ठेका दिला जातो आणि रानडुकराने पीक खाल्ले तर भरपाईचा भार बहुधा तो ठेका घेणाऱ्यावर पडतो. आपल्याकडे कायदा निराळा आहे, तो तसाच असावा की बदलावा यावर विधानसभेत आणि गावोगाव चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. झरीच्या दादांचा प्रश्न त्या चर्चेत जायला हवा. पण कायदा बदलायची मागणी दिवसा करायची असते, रात्री बंदूक लावून नव्हे.

आणि पारध्यांबद्दल एक शब्द. अकोला-वाशिमकडे फासेपारधी कुटुंबे गवताळ राने राखण्याच्या आणि तणमोरासारख्या दुर्मिळ पाखराला जपण्याच्या कामात उतरली आहेत. ज्यांना पाखराची प्रत्येक चाल ठाऊक, त्यांच्याइतका चांगला राखणदार कोण मिळणार? आपल्या शिवारात काही घडले तर पहिले बोट पालाकडे दाखवण्याआधी आपल्याच आखाड्यावर कोण कोण येऊन गेले ते आठवा.

जाता जाता

अमावास्या होऊन गेली. झरीला जीप आली नाही. दुसऱ्याच दिवशी दादा आणि मी मिळून अर्ज देऊन आलो होतो, त्यानंतर पंचनामा झाला. पैसे अजून यायचे आहेत. आले की, आणि नाही आले तरी, या सदरात कळवीन. पाच आखाड्यांची जागल सुरू झाली आहे. डुकरे पूर्ण थांबलेली नाहीत, पण तुरीच्या आतल्या ओळी आजपर्यंत शाबूत आहेत. सोळा वर्षांच्या त्या मुलाची पाळी आठवड्यातून एकदाच येते, आणि तीही शनिवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा नसते.

हे सारे छापण्याआधी मी त्या घरी पुन्हा गेलो आणि विचारले, "तुमची गोष्ट लिहू का? नाव घालणार नाही." दादा म्हणाले, "लिवा की." बाई म्हणाल्या, "माझं पत्र बी घाला." आजीबाईंनी मात्र मला अडवले. म्हणाल्या, "हरभऱ्याच्या अळीचं काय झालं? ते अदुगर सांग."

तेव्हा ते थोडक्यात सांगतो : एकरी वीसेक पक्षीथांबे लावा, कामगंध सापळे लावा, आणि अळी लहान असतानाच निंबोळी अर्काची फवारणी घ्या. थांब्यावर बसणारी पाखरे फुकट मजुरी करतात. तीही आपल्या रानात शिकारच करतात, पण त्यांना तुमच्या परवानगीची गरज नाही. बाकी सविस्तर पुढच्या अंकी.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, बी. एस्सी. (कृषी)